झाकलेली ब्रोकोली

"काका, स्पष्टच बोलतो. हे तुमच्याच्यानं होणार नाही."

हृषीकेश वहिनीच्या पायाशी बसून हे म्हणाला. म्हणताना त्यानं आवाज खाली आणला, जसं काही तिला ऐकू येत नव्हतं. अर्धांगाच्या झटक्यानं तिचा उजवा हात गेला होता, उजवा पाय अर्धा गेला होता, बोलणं गेलं होतं. कान शाबूत होते. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि नुसत्या तिच्या पाठीवरून मला कळलं की तिनं ऐकलंय.

"होईल," मी म्हणालो. माझं 'होईल' माझं मलाच पटलं नाही.

"तुमची कंबर बघा जरा. परवा आईला बसतं करताना तुम्हीच खाली बसलात म्हणे. हौसाबाई सांगत होत्या."

"हौसाबाईंना सगळंच सांगायची सवय आहे."

"मग काय खोटं सांगितलं का सर?" हौसाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. त्या सकाळ-संध्याकाळ येऊन वहिनीची आंघोळ, कपडे, वेणी-फणी करायच्या. मधला दिवस आणि सगळी रात्र माझी असायची.

हृषीकेशनं चष्मा काढून डोळे चोळले. तोही थकलेला होता. पुण्याहून मंचरला दर आठवड्याला गाडी हाणत यायचं आणि जायचं, नोकरी सांभाळून. "डॉक्टर काय म्हणाले तुमच्यासमोरच? हातात जीव आहे. पण तिनं तो वापरला पाहिजे. ती साधा चेंडू धरत नाही, काका. तोंड फिरवते. संक्रांतीपर्यंत बघू. हाताला काही फरक पडला, आपली आपण उठायला लागली, तर राहू दे इथं. नाहीतर मी तिला पुण्याला नेतो. आमच्या घराजवळच केंद्र आहे. नर्सेस असतात, व्यायाम करून घेतात."

"मेलं," वहिनी भिंतीला म्हणाली.

झटक्यानंतर तिच्याकडे तेवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी मेलं, उशी टोचत असली तरी मेलं, आणि हौसाबाईंनी वेणी घट्ट घातली तर जरा मोठ्यानं मेलं. आधीही ती हा शब्द दिवसातून पन्नासदा वापरायची. दूध मेलं उतू गेलं, मेलं मांजर, मेला तो पेपरवाला. बाकीचे सगळे शब्द निघून गेले आणि हा मागे राहिला.

हृषीकेश गेल्यावर मी खिडकीचं दार पुरतं उघडलं. वहिनीची खाट मागच्या खोलीत, परसाच्या दाराला लागून होती. खिडकीतून वाफे दिसायचे. दरवर्षी गणपती उठले की ती त्या वाफ्यांत फ्लॉवर लावायची. तिचं माहेर नारायणगावच्या बाजूचं, फ्लॉवर-कोबीतलं; भाजी विकत आणणं तिला कमीपणाचं वाटायचं. यंदा वाफे उघडे पडले होते. तण माजलं होतं. मला वाटलं, ती भिंतीकडे बघते ते वाफ्यांकडे बघवत नाही म्हणून असेल. खरंच तसं होतं का, हे मी आजही सांगू शकत नाही. पण दुसरं काही सुचत नव्हतं.

मी शाळेत ग्रंथपाल होतो. गाव मला सर म्हणायचं, पण मी कुणाला काही शिकवलेलं नाही. मी लग्न केलं नाही, दादा गेल्यावर घरात वहिनी आणि मी दोघंच उरलो, आणि त्या घरात मी कधी एक रोपसुद्धा लावलं नव्हतं. ते तिचं राज्य होतं. मी पुस्तक घेऊन पायरीवर बसायचो आणि ती म्हणायची, "भाऊजी, पाय उचला, पाणी सोडतेय."

बियाणांच्या दुकानात जाऊन मी म्हणालो, "फ्लॉवरचं बी द्या."

दुकानदारानं पाकीट ठेवलं. "हे न्या सर. हिरवा फ्लॉवर. ब्रोकोली. आता सगळे हेच नेतात."

मला साधा पांढरा हवा होता. पण मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि दुकानदार इतक्या कौतुकानं बोलत होता, की माझ्यानं नको म्हणवलं नाही. आयुष्यभर माझं असंच झालं आहे. मी पाकीट घेऊन घरी आलो आणि वहिनीसमोर धरलं.

"ब्रोकोली आहे," मी म्हणालो. "फ्लॉवरचाच प्रकार. हिरवा असतो."

तिनं चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले.

आंब्याच्या जुन्या पेटीत मी माती आणि शेणखत भरलं. शाळेच्या ग्रंथालयातून भाजीपाल्याचं पुस्तक आणलं. पुस्तकात लिहिलं होतं, बी उगवेपर्यंत सावलीत ठेवावं. मी पेटी वहिनीच्या खोलीत, कोपऱ्यात ठेवली. चार-पाच दिवसांत हिरवे ठिपके वर आले आणि मला उगीचच हसू आलं. उगवल्यावर उन्हात काढावं हे पुढच्या पानावर होतं. ते मी वाचलं, पण बाहेर पाऊस भुरभुरत होता, म्हणून उद्या काढू म्हणालो. उद्याचं परवा झालं. रोपं दोऱ्यासारखी लांब वाढली, खिडकीकडे वाकली, आणि एका सकाळी सगळी आडवी झाली.

"गेली," मी म्हणालो. मी पेटीशी उकिडवा बसलो होतो.

"मेलं," मागून आवाज आला.

मी वळलो. वहिनी भिंतीकडे नव्हे, माझ्याकडे बघत होती. डाव्या हातानं ती दाराकडे बोट करत होती, परसाकडे, तिथं पडलेल्या उन्हाकडे. पुन्हा म्हणाली, "मेलं! मेलं!" आणि पुन्हा बोट केलं. इतका राग मी तिच्या चेहऱ्यावर झटक्यानंतर पहिल्यांदाच पाहिला.

"उन्हात ठेवायला हवी होती," मी म्हणालो.

तिनं असा काही सुस्कारा टाकला, की मला शाळकरी पोरासारखं वाटलं.

दुसरं बी त्याच पेटीत टाकलं, पण परसात, उन्हात, वर जुनी मच्छरदाणी ताणून. रोज सकाळी तिला उशांना टेकवून बसतं केलं की तिची मान आपोआप खिडकीकडे वळायची. रोपं दाट आली. विरळ करायची वेळ आली तेव्हा माझा हात होईना. कोणतं ठेवायचं आणि कोणतं उपटायचं हे मी कोण ठरवणार? पेटी उचलून मी तिच्या खाटेवर ठेवली. ती डाव्या हातानं बोट दाखवत गेली आणि मी उपटत गेलो. हे, हे, हे. तिला एकदाही विचार करावा लागला नाही. तिचा उजवा हात मात्र मांडीवर तसाच पडून होता, दुसऱ्या कुणाचा तरी विसरून राहिल्यासारखा.

"वहिनी, जरा उजव्या हातानं दाखवा ना," मी म्हणालो.

तिनं तोंड फिरवलं. मी पुन्हा म्हणालो नाही.

दसऱ्यानंतर रोपं वाफ्यात गेली. मग अळ्या आल्या. सकाळी पानं उलटून पालटून मी अळ्या वेचायचो, मग तिचा चहा, मग हौसाबाई, मग तिचं जेवण घासाघासानं, दुपारी लघवीचं भांडं, संध्याकाळी वाफ्यांना पाणी, रात्री दोन-तीनदा कूस बदलायची. कंबरेत कळ आली की मी खाट धरून उभा राहायचो आणि ती माझ्याकडे बघत राहायची. त्या दिवसांचं मला दुसरं काही आठवत नाही. शीण आठवतो. पुस्तक उघडलं की ओळी एकमेकींवर चढायच्या. दुपारी तिचं झालं की मी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पडायचो आणि मेल्यासारखा झोपायचो. कुणी घर लुटून नेलं असतं तरी कळलं नसतं.

हृषीकेश यायचा. तिच्या उजव्या हातात चेंडू ठेवायचा. "आई, दाब. थोडंसं. माझ्यासाठी." चेंडू घरंगळत खाटेखाली जायचा. तो वाकून काढायचा, पुन्हा ठेवायचा. तिसऱ्यांदा चेंडू काढून तो खिशात घालायचा आणि कुणाकडेच न बघता चहा मागायचा.

मार्गशीर्ष संपता संपता ब्रोकोलीच्या पोटात गड्डे धरले. आधी सुपारीएवढे, मग लिंबाएवढे, गर्द हिरवे, बारीक दाणेदार. मी वहिनीला ओरडून सांगितलं. ती खिडकीतून बघत होती, कपाळाला आठी घालून.

एका संध्याकाळी पाणी घालायला गेलो तर दाराजवळच्या दोन रोपांची पानं गड्ड्यावर ओढून वर चिंधीनं बांधलेली. जुन्या पातळाच्या काठाची चिंधी. मी चक्रावलो. पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं: फ्लॉवरचा गड्डा पांढरा राहावा म्हणून पानं बांधतात, ब्रोकोलीला मात्र ऊन लागतं, ती झाकू नये. मी चिंध्या ओढल्या. गाठी सैल होत्या, लगेच सुटल्या.

"हौसाबाई, झाडांची पानं तुम्ही बांधलीत का?"

"मला काय तेवढाच उद्योग हाये का?" त्यांच्या हातात बादली होती. "तुमी आधी मला एक सांगा सर, बाईंच्या गाऊनला मागनं माती कशी लागती? कालपण धुतली, आजपण."

"मीच आणत असेन पायांनी. खाटेवर बसतो ना त्यांच्या."

"मग पाय धुऊन बसत जावा की. शिकलेली माणसं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चार रोपं बांधलेली. मी पुन्हा सोडली. मला वाटलं शेजारच्या सोनवणेबाई असतील. कुंपणाला फट होती आणि त्यांना दुसऱ्याच्या बागेत हात घालायची आवड होती. जाऊन विचारावं असं ठरवलं, त्यांच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. सोडायची आणि बांधायची अशी ती भांडणं आठवडाभर चालली. मी कुणाशी भांडतोय हे मला माहीत नव्हतं.

संक्रांत तोंडावर आली आणि हृषीकेश गाडी घेऊन आला. या वेळी त्यानं मागची सीट आडवी करून गादी टाकली होती. आल्या आल्या त्यानं वहिनीचे कपडे बॅगेत भरायला घेतले. मी दारात उभा राहून बघत होतो. मला म्हणायचं होतं, अजून थोडे दिवस थांब. पण काय दाखवून म्हणणार? वहिनी डोळे मिटून पडली होती. मिटलेल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर गेलं होतं.

"काका, मला वाईट वाटत नाही का?" हृषीकेश म्हणाला. "पण तुम्ही पडलात तर तुम्हाला कोण बघणार?"

"माझं नको बोलूस."

"का नको? तुम्हाला आरशात बघायला पण वेळ नाही."

तो तोंड धुवायला परसात गेला. थोड्या वेळानं त्याची हाक आली. "काका, हे काय लावलंय?"

"ब्रोकोली."

"आणि बांधलीय कशाला? आई फ्लॉवरला असं बांधायची. पण ब्रोकोलीला बांधत नाहीत ना?"

"नाहीच बांधत. मी रोज सोडायचो, काल मात्र कंटाळून तशीच ठेवली. सोनवणेबाईंचं काम आहे."

"त्यांना सांगितलं असेल आईनं."

"कसं सांगेल? मेलं म्हणून?"

तो हसला नाही. वाकून एक चिंधी बघत होता. "चिंधी आईच्या पातळाची आहे. गाठ मात्र तिची नाही. तिची गाठ सुटायची नाही कधी, माझी नखं तुटायची. ही बघा, कशी लोळागोळा आहे." त्यानं बोटाच्या टोकानं ओढली आणि ती सुटली.

मी त्या सुटलेल्या चिंधीकडे बघत राहिलो. दोन टोकं, मध्ये वळ. मी माझ्या डाव्या हातानं ती बांधून बघितली. नाही जमली. पुन्हा बघितली. मग मला वहिनीच्या गाऊनची माती आठवली आणि लगेच शंकाही आली, की मी थकव्यानं काहीतरी वेड्यासारखं धरून बसतोय. दातांत धरून एका हातानंही गाठ पडत असेल. हृषीकेशला सांगावं आणि ते खोटं निघावं, तर त्याला ते दुसऱ्यांदा सोसावं लागेल.

"हृषी," मी म्हणालो, "जेवून निघ. माझ्यासाठी एवढं कर."

जेवणं झाली. बांधलेली सगळी रोपं मी मोकळी केली आणि चिंध्या तिथंच मातीवर टाकल्या. वहिनीला भरवलं. मग म्हणालो, "आम्ही दोघं जरा पडतो," आणि बाहेरच्या खोलीत न जाता हृषीकेशचं मनगट धरून त्याला परसातल्या लाकडांच्या खोपीत नेलं.

"काका, काय हे?"

"बोलू नकोस."

खोपीत बसायला जागा नव्हती. तो वाकून उभा, मी त्याच्या काखेखाली. फळ्यांच्या फटीतून परसाचं दार दिसत होतं. बराच वेळ काही झालं नाही. त्यानं घड्याळ बघितलं. माझी कंबर ठणकायला लागली. मी स्वतःला दोष देत होतो, अगदी 'चल, निघू' म्हणायच्या बेतात होतो, तेव्हा दारात गाऊनची कड दिसली.

ती बसून आली. उंबऱ्यावर आधी डावा पाय, मग हातानं उचलून उजवा. पायरीवर बसली, दम घेतला, खालच्या पायरीवर घसरली. मग मातीतून, बसल्या बसल्या, डावी टाच रोवून अंग पुढे ओढत ती पहिल्या रोपापर्यंत पोचली. हृषीकेश पुढे झेपावला. मी त्याचा सदरा धरला.

डाव्या हातानं तिनं पानं गोळा केली आणि छातीनं दाबून धरली. चिंधीचं एक टोक दातांत घेतलं.

"दातानं बांधते," हृषीकेश कुजबुजला. त्याचा आवाज विझला.

चिंधी दातांतून सुटली. तिनं पुन्हा धरली, पुन्हा सुटली. ती थांबली. आणि मग तिचा उजवा हात मांडीवरून उठला. हात कसला, खांदा उठला आणि हात त्याच्यामागून लोंबत आला. तो पानांवर येऊन पडला, तसाच पडून राहिला. मग अंगठा हलला. चिंधीच्या टोकावर येऊन त्यानं ते दाबून धरलं, थरथरत, फार जड काहीतरी धरल्यासारखं. डाव्या हातानं वळ घातला, ओढला. गाठ बसली. लोळागोळा, पण बसली.

ती दुसऱ्या रोपाकडे सरकली, आणि तेव्हा तिला सगळा वाफा दिसला. बांधलेलं एकही नव्हतं. तिनं घराकडे बघितलं. तिचा चेहरा लाल झाला, ओठ वेडेवाकडे हलले, मानेच्या शिरा फुगल्या.

"उघडं!" ती ओरडली. "सगळं... उघडं... मेलं!"

हृषीकेश खोपीबाहेर गेला. त्याला बघून ती दचकली, चोरी पकडल्यासारखी. उजवा हात तिनं गाऊनच्या घोळात लपवला. तो तिच्यासमोर मातीत बसला. त्यानं दुसऱ्या रोपाची पानं गोळा करून तिच्यापुढे धरली. तिनं त्याच्या हातावर चापट मारली, पानं नीट जमवली, मधलं एक बाहेर राहिलेलं आत घेतलं, आणि मग त्याला धरू दिली.

मला आनंद झाला का? झालाच असणार. पण मला आठवतं ते असं, की मी पायरीवर बसलो आणि मला उठवेना. ते दोघं वाफ्यात पुढे पुढे सरकत होते. हृषीकेशच्या पँटला चिखल लागला होता. मी ब्रोकोलीबद्दल, उन्हाबद्दल एक अक्षर बोललो नाही.

संध्याकाळी त्यानं बॅग परत आणून खाटेखाली सरकवली. "काका, दुपारच्याला एक बाई बघतो मी," जाताना म्हणाला. "तुम्ही झोपत जा मात्र."

वहिनी पुढे बरीच वर्षं त्याच घरात राहिली. हात पुरता कधी आला नाही. कूस बदलणं, भांडं, घास, हे सगळं चालूच राहिलं, आणि माझी कंबर गेली ती गेलीच. लोकांना वाटतं अशा दिवसानंतर सगळं सोपं होतं. तसं होत नाही.

संक्रांतीनंतर मी पहिला गड्डा कापला. पानं सोडली तर आत ऊन न लागलेला, फिका, पिवळट गड्डा, कडेनं जरा काळवंडलेला.

"नासला की हो हा," हौसाबाई म्हणाल्या.

मी तो वहिनीच्या मांडीवर ठेवला. तिनं डाव्या हातानं फिरवून फिरवून बघितला. मग उजवा हात ओढत आणून त्याच्यावर ठेवला आणि माझ्याकडे बघत शब्द शोधायला लागली. मी थांबलो. हौसाबाईही हातातलं फडकं तसंच धरून थांबल्या.

"पांढरा," ती म्हणाली.

"हो वहिनी," मी म्हणालो. "पांढरा झाला."